बारलाइनवर आपटलेला ‘सुबितो’: स्टाफ नोटेशनमधले शब्द वाचता येतील असे कसे ठेवावेत?

पाचरेघी

नमस्कार मंडळी. एका मित्राची पियानोची रचना लिलीपॉन्डमध्ये (स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, छापायचं सॉफ्टवेअर) बसवते आहे. अकरा पानं झाली, स्वर तपासून झाले, पानं उलटायच्या जागाही सोयीच्या मिळाल्या. अडकलेय ती शब्दांपाशी.

मित्राला ‘सुबितो पी’ फार प्रिय (‘सुबितो’ म्हणजे एकदम, ‘पी’ म्हणजे हळू आवाजात; ‘एफ’ म्हणजे जोरात). दर दोन ओळींनी जोरात चाललेलं वाजवणं एकदम हळू होतं, आणि तेही नेमकं बारच्या (तालाच्या एका खंडाच्या) पहिल्या मात्रेवर. आता ‘पी’ हे अक्षर त्या स्वराच्या बरोबर खाली यायला हवं, कारण हळू तिथून व्हायचंय. म्हणजे ‘सुबितो’ त्याच्या डावीकडे, अर्थात आधीच्या बारमध्ये. बारलाइनपासून (दोन बारमधल्या उभ्या रेघेपासून) पहिल्या स्वरापर्यंत माझ्याकडे जेमतेम अडीच मिलिमीटर जागा आहे, आणि ‘सुबितो’ पट्टीने मोजला तर साधारण नऊ मिलिमीटर भरतो. पियानोची बारलाइन दोन्ही स्टाफमधून (पाच-पाच रेघांच्या पट्ट्यांमधून) सलग खाली जाते, त्यामुळे ती शब्दाच्या पोटातून आरपार. उभी रेघ आणि तिरकी अक्षरं एकमेकांत अशी गुंततात की एका ठिकाणी मलाच शब्दात एक अक्षर जास्त दिसलं.

मग मी सरसकट व्हाइटआउट लावलं, म्हणजे प्रत्येक शब्दामागे पांढरा चौकोन. पडद्यावर छान दिसलं. मित्र मात्र म्हणाला, ‘हे काय, खोडरबर फिरवल्यासारखं दिसतंय!’ आणि दुर्दैवाने त्याचं म्हणणं खरं आहे.

ही ठिगळं ठेवू, की दुसरा काही मार्ग आहे? तुम्ही लोक काय करता?

अडीचबोटं

सोपं आहे की. ‘पी सुबितो’ लिहा. ‘पी’ स्वराखाली, शब्द उजवीकडे मोकळ्या जागेत. अर्थ तोच राहतो आणि वाजवणाऱ्याला अक्षर आधी दिसतं. मी विद्यार्थ्यांसाठी जे काही उतरवते त्यात हेच करते.

पाचरेघी

@अडीचबोटं, हे डोक्यात कसं नाही आलं! पण ‘पिऊ एफ’चं काय? ‘आणखी जोरात’मधलं ‘आणखी’ आधीच यावं लागतं. ‘एफ पिऊ’ असं काही कोणी लिहीत नाही.

अडीचबोटं

हो, तिथे माझा उपाय संपला. 😄 ‘पोको एफ’ (थोडं जोरात), ‘मेनो एफ’ (कमी जोरात) सगळी त्याच जातीची.

जुनाबोरू

मी संगणकावर फार उशिरा आलो. त्याआधी बरीच वर्षं बोरू आणि शाईने पार्ट्स (एकेका वाद्याची पानं) उतरवायचो. हात अजूनही तसाच विचार करतो, तेव्हा थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

छापील स्टाफ नोटेशन बराच काळ धातूच्या पत्र्यावर कोरलं जायचं. मऊ मिश्रधातूचा पत्रा, त्यावर पाच दातांच्या हत्याराने पाच रेघा एका दमात ओढायच्या, मग स्वरांची डोकी, क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची खूण), अक्षरं यांचे पोलादी ठसे हातोडीने ठोकायचे. सगळं आरशातल्यासारखं उलटं. चूक झाली तर पत्रा पालथा करून नेमकी ती जागा मागून ठोकून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. इतकी मेहनत असल्यावर माणूस ‘आधी ठोकू, मग झाकू’ असं काम करत नाही. शब्द कुठे येणार हे त्याला बारलाइन ओढायच्या आधीच ठाऊक असतं. जुन्या पियानो प्रती नीट बघा. दोन स्टाफच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात शब्द आला की बारलाइन तिथे थांबते आणि शब्दाखाली पुन्हा सुरू होते. वाचताना कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे तुमच्या मित्राला खटकलं ते रेघ तुटणं नव्हे. चौकोन गरजेपेक्षा मोठा असणार, किंवा तो नको तिथे चावत असणार. माझे नियम असे:

दोन स्टाफच्या मधली बारलाइन तोडायला काहीच हरकत नाही. स्टाफच्या आतली कधीही तोडायची नाही. पाच रेघांना भोक पडलं की डोळा ठेचकाळतो, वाजवणारा क्षणभर तिथेच अडतो. शब्द स्टाफमध्ये घुसत असेल तर तो खाली ढकला, दोन स्टाफमधलं अंतर वाढवा, वाटलं तर त्या पानावरची एक सिस्टिम (एकत्र वाजणाऱ्या स्टाफची ओळ) कमी करा, पण पाच रेघा खोडू नका. स्लर (स्वर सलग वाजवायला सांगणारी कमान) आणि टाय (एकाच उंचीचे दोन स्वर जोडणारी कमान) यांनाही हात लावायचा नाही. टाय मध्येच पुसला तर दोन छोटे टाय दिसतात आणि त्यांचा अर्थच बदलतो. लेजर लाइन (स्टाफबाहेरच्या स्वराची छोटी रेघ) पुसली तर स्वर बदलतो, हे तर सांगायलाच नको.

हेअरपिनचं (आवाज वाढवण्या-उतरवण्याच्या चिमट्यासारख्या खुणेचं) थोडं वेगळं. ‘मोल्तो’ (खूप) हेअरपिनच्या पोटात बसवायचा मोह होतो, पण दोन्ही रेघा मिटत जातात तिथे शब्द गुदमरतो. खाली लिहा, नाहीतर हेअरपिन शब्दापाशी थांबवून पुढे चालू करा.

कळफलक

जुनाबोरू काका, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

चेलोवाली

मी वाजवणारी बाई, छापणारी नव्हे. पण पांढऱ्या चौकोनांनी आमचा एकदा कसा घात केला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवी रचना, सरावाचा पहिला दिवस. चेलोच्या पार्टमध्ये एका ओळीखाली ‘दोल्चे’, वर चार स्वर. मी ते चारही लांब, जोडून, अगदी गोड वाजवले. शब्दच ‘दोल्चे’ होता ना! शेजारच्या स्टँडवरचा व्हायोला तीच चाल तुटक वाजवत होता. संचालकांनी थांबवलं. ‘चेलो, स्टकाटो.’ मी म्हटलं, माझ्याकडे नाही. त्यांच्या स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या एकत्र प्रतीत) होता. पार्ट डोळ्यांजवळ धरून बघितला तर चौथ्या स्वराखाली स्टकाटोचा (तुटक वाजवायचा) अर्धा ठिपका. अक्षरशः अर्धा, चंद्रकोरीसारखा. बाकीचे तीन ‘दोल्चे’च्या चौकोनाने गिळले होते. शब्द खाली होता, पण चौकोनाला चारी बाजूंनी जी हवा ठेवली होती ती ठिपक्यांपर्यंत पोचली होती.

स्कोअरमध्ये तोच शब्द आणखी थोडा खाली होता म्हणून तिथे ठिपके शाबूत. म्हणजे ज्याने तपासलं त्याने स्कोअर तपासला, पार्ट नाही.

तेव्हापासून छापील पानावर कुठे जास्त स्वच्छ पांढरं दिसलं की मला संशयच येतो.

टिंब

@चेलोवाली, माझ्याच नावाचा बळी गेला की. 😢

गमतीचं सोडा. यावर लिलीपॉन्डमध्ये चांगला उतारा आहे. तिथे प्रत्येक वस्तू एका थरात असते. स्टाफच्या रेघा आणि बारलाइन मुळात शून्य थरावर, बाकी जवळपास सगळं एकवर. पांढरा चौकोन त्याच्या खालच्या थरातलं सगळं झाकतो. त्याच थरातल्या वस्तूंचं मात्र सांगता येत नाही, आधी काय रेखाटलं गेलं त्यावर ठरतं. ठिपके जातात ते इथे. शब्द आणि ठिपके दोघेही एकवर.

म्हणून मी उलटं करतो. स्टाफच्या रेघा, बारलाइन आणि दोन स्टाफमधली जोड-बारलाइन अशा तिन्ही वजा एकवर ढकलतो. व्हाइटआउट लावलेला शब्द शून्यावर ठेवतो. स्वर, ठिपके, स्लर सगळे एकवर जसेच्या तसे. आता चौकोन फक्त रेघांना झाकू शकतो. ठिपक्यावर आला तरी ठिपका त्याच्या वर उमटतो. मग शब्द आणि ठिपका एकमेकांवर आले तर ते दिसतं तरी. चोरून काही गायब होत नाही. मला हेच महत्त्वाचं वाटतं. टक्कर दिसली तर मी दुरुस्त करीन, लपली तर कोण करणार?

दुसरं, चौकोनच हवा असंही नाही. व्हाइटआउटची शैली बदलून ‘आउटलाइन’ केली की पांढरं अक्षरांच्या कडेकडेने फिरतं, चौकोनी ठिगळ उरत नाही. तिरक्या अक्षरांना हे फार शोभतं, कारण तिरक्या शब्दाच्या दोन्ही टोकांना चौकोनात नाहक रिकामे त्रिकोण उरतात.

पाचरेघी

हे थरांचं प्रकरण मला नवं आहे. माझ्या फायलीत तर सगळंच एकवर असणार. म्हणजे मलाही ठिपके शोधायला बसायला हवं. 😨

कळफलक

म्यूझस्कोअरवाल्यांसाठी (तेही असंच सॉफ्टवेअर): चौथ्या आवृत्तीत डायनॅमिक्सना (‘पी’, ‘एफ’सारख्या खुणांना) ‘बारलाइन टाळा’ असं सांगता येतं, मग ते स्वतःहून थोडे सरकतात. एक्स्प्रेशनचा (भावाचा) शब्द शेजारच्या डायनॅमिकला चिकटून राहतो, एकाला हलवलं की दुसरा मागोमाग. झाकायचंच असेल तर शब्दाला चौकट देऊन तिला पांढरा भराव आणि शून्य जाडीची कड द्यायची, आणि मग कोण वर, कोण खाली तो क्रम बघायचा. डोरिको या सॉफ्टवेअरमध्ये मागचं पुसण्याची सोय गुणधर्मांतच आहे, भोवती किती जागा सोडायची तेही देता येतं.

सरकवण्याबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. ‘पी’ सरकला तर किती सरकल्यावर तो पुढच्या स्वराचा वाटायला लागतो?

जुनाबोरू

चांगला प्रश्न. स्वराच्या डोक्याच्या रुंदीइतकं इकडे-तिकडे चालतं, सोळांशाच्या गर्दीत तेवढंही नाही. डावीकडे सरकलेलं डोळा माफ करतो, कारण वाजवणारा पुढचं बघत बघतच येत असतो. उजवीकडे सरकलेलं उशिरा कळतं.

पाचरेघी

मग जागाच वाढवली तर? बारलाइन आणि पहिला स्वर यांच्यात शब्दापुरती?

टिंब

होतं. डायनॅमिक अक्षरं लिलीपॉन्डच्या लेखी आडवी जागा घेतच नाहीत, ती स्वरांच्या मापाच्या हिशोबाबाहेर ठेवलेली असतात. त्यांना रुंदी मोजायला लावता येतं, साध्या मजकुरालाही. पण करू नका. निदान सरसकट तरी नको.

कारण सांगतो. छापलेल्या पानावर स्वरांमधलं अंतर डोळा वेळ म्हणून वाचतो. अर्ध्या स्वरानंतर जास्त जागा, आठांशानंतर कमी. ‘पिऊ’साठी एका बारच्या तोंडाशी नऊ मिलिमीटर मोकळे सोडले तर तिथे विश्राम असल्यासारखा डोळा थांबतो. एका शब्दाच्या सोयीसाठी आख्खी ओळ तोतरी होते. एखाद-दोन मिलिमीटर वाढवा, बाकीचं बारलाइन तोडून भागवा.

अडीचबोटं

+१. मुलं अशा पोकळ जागेत हमखास थांबतात. मी ‘का थांबलीस?’ विचारलं की म्हणतात, ‘तिथे मोठी जागा होती ना!’

टिंब

आणि @पाचरेघी, ‘पिऊ एफ’ तुम्ही एकाच तुकड्यात बनवलं असेल तर एक बघून घ्या. लिलीपॉन्ड ते पूर्ण जोडगोळं स्वराखाली मध्यावर आणतं. म्हणजे ‘एफ’ स्वराच्या उजवीकडे ढकलला जातो आणि स्वराखाली ‘ऊ’ येतो. शब्दाची रुंदी शून्य धरायला लावली की ‘एफ’ जागेवर बसतो आणि ‘पिऊ’ डावीकडे लोंबतो. ‘पी एस्प्रेस्सिव्हो’त (हळू आवाजात, भावपूर्ण) हेच उलट बाजूने होतं, तिथे ‘पी’ डावीकडे पळतो.

पाचरेघी

बघितलं. पळालाय. सगळीकडे पळालाय. 🤦‍♀️ मी स्वतःच्याच पानाला इतके दिवस ‘काहीतरी चुकतंय’ म्हणत होते ते हेच.

फायनलपीडित

थोडं अवांतर. फायनल या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास २०२४च्या ऑगस्टमध्ये थांबल्याचं जाहीर झालं आणि माझ्यासारखे लोक जुन्या फायली म्यूझिकएक्सएमएलमधून (नोटेशनच्या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून) दुसरीकडे नेत बसले. स्वर येतात, शब्दही येतात, पण शब्दांच्या जागा विस्कटतात. हाताने तिळातिळाने सरकवलेले शब्द नव्या घरात जाऊन हवे तिथे पसरतात. म्हणून नवं काम करताना शब्द हाताने ढकलण्याऐवजी नियमाने बसवा. हाताने ढकललेलं प्रत्येक अक्षर पुढच्या स्थलांतरात पुन्हा ढकलावं लागतं.

जुनाबोरू

हे अवांतर नाही, नीट लिहिलंत. फक्त नियम नव्वद टक्के कामच करतात. उरलेल्या दहासाठी हात लागतोच.

शिरोरेषा

वाचनमात्र होते, पण एक प्रश्न विचारायचा आहे. मी स्टाफवर मराठी गाणी उतरवते आणि भावदर्शक सूचनाही मराठीत लिहिते: ‘हळुवार’, ‘ठसक्यात’, ‘रेंगाळत’. गायनाच्या ओळीत शब्द खाली असल्याने या सूचना स्टाफच्या वर येतात. तरी पान गिचमिड वाटतं. इटालियन सूचना घातल्या की वाटत नाही. माझं काय चुकतंय?

जुनाबोरू

तुमच्या टोपणनावातच उत्तर आहे! शिरोरेषा आडवी, सलग, आणि जाडीने स्टाफच्या रेघेच्या आसपास. ती स्टाफच्या जवळ गेली की सहावी रेघ किंवा लेजर लाइन वाटते. रोमन अक्षरांना ही अडचण नाही. त्यातून देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार लागतात आणि खाली उकार, ऋकार. तेवढ्याच बिंदूंच्या मापात आमचं मूळ अक्षर बारीक दिसतं. म्हणून माप एक-दोन बिंदूंनी वाढवा, स्टाफपासून जास्त दूर ठेवा, आणि शिरोरेषा स्टाफच्या रेघेपेक्षा ठळक दिसेल असा फॉन्ट घ्या. दोन्ही रेघांची जाडी सारखी असणं सगळ्यात वाईट.

आणि देवनागरी तिरकी करू नका. सॉफ्टवेअर मजकुराला आपोआप तिरका करतं आणि ज्या फॉन्टला खरी तिरकी शैली नाही त्याची अक्षरं नुसती कलंडतात. उभ्या दांड्या मोडल्यासारख्या दिसतात.

शिरोरेषा

कलंडलेलीच होती. 🙈 धन्यवाद!

कळफलक

तिरक्याचा विषय निघालाच आहे तर: सगळ्या सूचना तिरक्या नसतात, हे नवीन लोक विसरतात. वेगाच्या सूचना ठळक आणि सरळ, स्टाफच्या वर. वाद्य कसं वाजवायचं त्याच्या, म्हणजे पित्सिकातो (तार छेडून), आर्को (गजाने) वगैरे, सरळ पण साध्या, त्याही वर. भावाच्या सूचना तिरक्या, वाद्यांना स्टाफच्या खाली, गायनाला वर, पियानोला दोन स्टाफच्या मध्ये. हा भेद पाळला तर वाजवणारा शब्द वाचायच्या आधीच तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखतो. अर्धी टक्कर इथेच टळते, कारण तीन जाती तीन ठिकाणी राहतात.

चेलोवाली

आणि कृपया तो नाजूक, केसासारख्या रेघांचा तिरका फॉन्ट वापरू नका. पडद्यावर मोठं करून बघता तेव्हा देखणा दिसतो. स्टँड माझ्यापासून हातभर लांब असतो, त्यावर शेजारीण आणि मी दोघी वाचतो, दिवा वरून. तिथे ‘दोल्चे’ आणि ‘दोलेन्ते’ सारखेच दिसतात. एक गोड, एक दुःखी!

टिंब

लिलीपॉन्डचा मूळ स्टाफ २० बिंदूंचा, म्हणजे साधारण ७ मिलिमीटर उंच, आणि त्याला मजकूर ११ बिंदूंचा. पार्टसाठी हे ठीक. मोठ्या स्कोअरसाठी स्टाफ लहान केला की मजकूरही त्याच प्रमाणात लहान होतो, आणि ४ मिलिमीटरच्या स्टाफला तो सहा-सव्वासहा बिंदूंवर येतो. तिथे मजकूर वेगळा मोठा करावा लागतो. स्वर लहान झाले तरी आकाराने ओळखू येतात, अक्षरं येत नाहीत.

कळफलक

पांढऱ्या चौकोनाबद्दल आणखी एक. एसव्हीजी (वेबसाठीचं चित्र) करून संकेतस्थळावर टाकणार असाल तर सावधान. मी एकदा टाकलं. पानाचा रंग फिकट पिवळसर होता. प्रत्येक शब्दामागे पांढरंशुभ्र ठिगळ! चौकोन ‘रिकामा’ नसतो, पांढऱ्या रंगाने भरलेला असतो, आणि कागदही पांढरा असतो म्हणून छपाईत ते कळत नाही इतकंच. रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर तर दिवाळीचे कंदील लागल्यासारखं झालं. तिथे बारलाइन खरोखरच तोडलेली हवी.

पाचरेघी

आठ दिवसांनी परत आलेय. सांगायला बरंच आहे.

एकूण २३ जागा होत्या. त्यातल्या १४ ‘सुबितो पी’च्या. मित्राला ‘पी सुबितो’ चालेल का विचारलं. तो म्हणाला, चालेल काय, मी क्रमाचा विचारच केला नव्हता. १४ गेल्या. ‘पिऊ एफ’ आणि मंडळी सहा. तिथे ‘एफ’ स्वराखाली आणला, टिंब यांच्या पद्धतीने थर बदलले, आउटलाइन व्हाइटआउट लावलं. बारलाइन फक्त शब्दाच्या उंचीपुरती तुटली. एका ठिकाणी बारमध्ये पुढे जागा होती, तिथे मिलिमीटरभर रुंदी दिली. एक ‘सेम्प्रे’ (सतत) नुसता उजवीकडे सरकवून मोकळा झाला.

थर बदलल्यावर चेलोवालींची गोष्ट माझ्याच पानात सापडली. पान ४, डाव्या हाताला एक ठिपक्याचा पाव स्वर (हा ठिपका स्वर लांबवणारा), तो ठिपका ‘एस्प्रेस्सिव्हो’च्या चौकोनाखाली पूर्ण झाकलेला. दोन महिने मी ते पान बघत होते. मित्रही बघत होता. पियानोवर वाजवूनही बघितलं होतं त्याने! पाठ असल्यामुळे ठिपका न बघताच त्याने तो वाजवला.

मग सगळं छापलं, स्टँडवर ठेवलं, हातभर मागे बसले. दोन ठिकाणी मजकूर एक बिंदूने वाढवला.

चेलोवाली

अर्धा तरी दिसत होता की पूर्णच गेला होता?

पाचरेघी

पूर्ण गेला होता. तुमचा निदान चंद्रकोर होता.

अडीचबोटं

१४ + ६ + १ + १ = २२. तेविसावी?

पाचरेघी

पकडलंत. 😅 पान ९. ‘पोको अ पोको पिऊ आजितातो’ (हळूहळू अधिक अस्वस्थ), वर उजव्या हाताचा लांब स्लर खाली वळलेला, खाली डाव्या हाताचे लेजर लाइनवरचे उंच स्वर, मधोमध बारलाइन. वर ढकलला तर स्लरवर, खाली ढकलला तर लेजर लाइनवर.

जुनाबोरू

दोन ओळींत मोडा. ‘पोको अ पोको’ वर, ‘पिऊ आजितातो’ खाली, डावी कड एका रेषेत. जागा उंचीची लागेल, रुंदीची नाही. आणि त्या सिस्टिममध्ये दोन स्टाफ थोडे दूर करा. एकाच सिस्टिमपुरते. बाकी पान जसंच्या तसं.

पाचरेघी

करून बघते. पानावर एक सिस्टिम कमी बसेल बहुतेक, म्हणजे पान उलटायची जागा पुन्हा शोधायची…